‘गाडी कुठल्या सालची?’ : डायनामो ते अल्टरनेटर

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो होतो ते इथे सरळ केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे गाडीचा अल्टरनेटर. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! यात एक घाट आहे, एक भांडण आहे, माझे वाया गेलेले पैसे आहेत आणि मधल्या मधे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

तर झालं असं. आमच्याकडे १९७० सालची फियाट अकराशे आहे. आजोबांनी घेतलेली, बाबांनी सांभाळलेली आणि मी फक्त पुसलेली. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. बाबा, आत्या आणि मी. निघायलाच उशीर झाला, त्यामुळे खंबाटकी घाटात पोचलो तेव्हा पूर्ण अंधार पडला होता आणि पाऊस असा की समोरचं काही दिसेना. पुढे कुठेतरी एक ट्रक आडवा बंद पडला होता. रांग जागच्या जागी. दिवे चालू, वायपर चालू, इंजिन नुसतं घुरघुरतंय, आणि दर दहा मिनिटांनी गाडी दोन हात पुढे. असं दीड तास.

हळूहळू हेडलाइटचा पांढरा उजेड पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस झाला. वायपर काचेच्या अर्ध्यात जाऊन विचार करायला लागला. मग इंजिनाने एक उचकी दिली आणि बंद. स्टार्टर फिरवला तर नुसतं ‘टक’. मागचे लाल दिवे एवढे मंद झाले होते की मागच्या ट्रकवाल्याला आम्ही दिसलोच नाही. त्याने करकचून ब्रेक मारला तेव्हा त्याचा बंपर आमच्या डिकीपासून वीतभर होता. त्याच्याच क्लीनरने आणि आणखी दोघांनी गाडी ढकलून कडेच्या मोकळ्या जागेत घेतली. सगळे दिवे बंद करून थांबलो, बॅटरीत थोडी धुगधुगी आली, मग उतारावर गाडी उलटी सोडून रिव्हर्स गिअरमध्ये चालू केली. आत्या साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. उतरल्यावर बाबांना एवढंच म्हणाली, “अण्णांची गाडी आहे म्हणून बसले. पुन्हा नाही.”

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी डायनामो काढला, कार्बन बघितले, आर्मेचर बघितलं, परत बसवला, इंजिन रेस केलं, मीटर लावला. आणि म्हणाले, “साहेब, डायनामो एकदम ओके आहे.”

“मग काल काय झालं?”

“काही झालं नाही. तो असाच असतो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वस्तू ठीक आहे, तिचं काम ती नीट करतेय, आणि तरी आम्ही घाटात अंधारात उभे. असं कसं?

पुण्यात परतल्यावर बाबांना न सांगता मी नाना पेठेत गेलो, स्पेअर पार्टच्या दुकानात. म्हटलं डायनामो काढून त्या जागी अल्टरनेटर बसवायचा, द्या एखादा. काउंटरवरच्या काकांनी वर न बघताच विचारलं, “गाडी कुठल्या सालची?” मी सांगितलं. मग एकामागून एक सुरू. अर्थ निगेटिव्ह आहे ना? किती अँपिअरचा देऊ? रेग्युलेटर आतला पाहिजे की बाहेरचा? डॅशबोर्डवरचा लाल दिवा चालतो का? मला एकाचंही उत्तर नीट देता आलं नाही. काका म्हणाले, “दादा, आधी माहिती काढून या. हा परत घेत नाही आम्ही.”

रिकाम्या हाताने घरी आलो आणि पुढचा महिनाभर वाचत बसलो. तेव्हा लक्षात आलं की काकांचा प्रत्येक प्रश्न म्हणजे कुठल्यातरी सालात अडकलेली एक गोष्ट आहे.

आता मागे जाऊ या. बरंच मागे.

सुरुवातीच्या मोटारींना विजेची फारशी गरजच नव्हती. प्लगला ठिणगी मॅग्नेटोतून मिळायची, समोरचे दिवे कार्बाइडचे असायचे. कार्बाइडवर पाणी ठिबकायचं, ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा, तो पेटवायचा. आणि इंजिन चालू करायला पुढून हँडल मारायचं. हे हँडल हातावर उलटं फिरलं की मनगट मोडायचं, कधी जबडा. मोटार चालवणं हे अंगात जोर असलेल्याचं काम होतं ते मुख्यतः या हँडलमुळे.

हे हँडल घालवलं चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. हा माणूस आधी कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथे त्याने गल्ल्याचा खण उघडणारी छोटी विजेची मोटर बनवली होती. त्यातून त्याच्या लक्षात आलं होतं की मोटर जर क्षणभरच चालवायची असेल तर तिच्याकडून तिच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त काम काढून घेता येतं, तापायच्या आत ती थांबलेली असते. हाच विचार त्याने मोटारीला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला.

पण स्टार्टर आला म्हणजे बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणजे ती भरणारं काहीतरी पाहिजे. केटरिंगच्या यंत्रात गंमत अशी होती की स्टार्टर आणि जनरेटर ही एकच वस्तू होती. इंजिन चालू करताना ती मोटर, चालू झाल्यावर तीच जनरेटर. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

सगळ्यांकडे लगेच हे सुख आलं नाही. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये दिवे काही वर्षं थेट इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालायचे. गाडी हळू झाली की दिवे मंद. म्हणजे आपल्या जुन्या सायकलच्या डायनामोसारखंच. आणि जाता जाता सांगतो, सायकलच्या चाकाला घासून फिरायची ती बाटली, जिला आपण सगळे आयुष्यभर डायनामो म्हणत आलो, ती खरं तर अल्टरनेटर आहे! तिच्यातून एसी करंट निघतो. नाव चुकीचं पडलं ते पडलं.

मग गाडीतला डायनामो म्हणजे नेमकं काय? इथे थोडं मागे, १८३२ सालच्या पॅरिसमध्ये जावं लागेल. त्याच्या आदल्या वर्षी फॅरेडेने दाखवून दिलं होतं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वीज निर्माण होते. पॅरिसमधल्या हिपोलित पिक्सी नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराने त्यावरून हाताने फिरवायचं यंत्र बनवलं. चुंबक फिरायचा, तारेत वीज यायची. पण ती वीज दर अर्ध्या फेरीला दिशा बदलायची. एसी. त्या काळात बॅटरीतून मिळणारा एका दिशेचा करंटच लोकांच्या ओळखीचा, त्यामुळे या उलटसुलट विजेचं करायचं काय हे कुणालाच कळेना. तेव्हा ॲम्पिअरने, हो, ज्याच्या नावाने आपण अँपिअर मोजतो त्यानेच, सुचवलं की फिरताना जोडणी उलटसुलट करणारी एक खुंटी बसव. तो झाला कम्युटेटर.

म्हणजे बघा, फिरत्या यंत्रात जन्माला येते ती एसीच. डायनामोच्या पोटातसुद्धा एसीच तयार होते. कम्युटेटरचे तांब्याचे तुकडे आणि त्यावर घासणारे कार्बन मिळून तिला दर फेरीला सरळ करत बसतात. पुढे गाड्यांनीही कित्येक दशकं ही हमाली कार्बनकडून करून घेतली.

आणि ही हमाली जड होती. डायनामोत चुंबकीय क्षेत्र स्थिर आणि वीज तयार करणारं वेटोळं, म्हणजे आर्मेचर, फिरतं. त्यामुळे तयार झालेला सगळा करंट, वीस-बावीस अँपिअर, फिरत्या वस्तूवरून कार्बनच्या घासण्याने बाहेर काढावा लागतो. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यातून, तो न थांबवता, शंभर माणसं उतरवण्यासारखं आहे हे. ठिणग्या उडतात, कार्बन झिजतात, आणि आर्मेचर फार जोरात फिरवलं तर त्यावरची जड तार आणि कम्युटेटरचे तुकडे बाहेर फेकले जातात. म्हणून डायनामोला मुद्दाम मोठी पुली देतात, तो बेताने फिरावा म्हणून. महामार्गावर इंजिन पळत असताना डायनामो सुरक्षित राहतो. पण त्याची किंमत खाली मोजावी लागते. इंजिन घुरघुरत असताना डायनामो एवढा हळू फिरतो की त्याचं व्होल्टेज बॅटरीपेक्षाही कमी होतं. मग बॅटरीच उलट डायनामोत रिकामी होऊ नये म्हणून एक कटआउट असतो, तो ‘टक्’ करून जोडणी तोडतो.

आता कळलं मला खंबाटकीत काय झालं ते. दीड तास आमचा डायनामो बॅटरीला जोडलेलाच नव्हता. कटआउट आपलं काम चोख करत होता. सगळा भार एकट्या बॅटरीवर. मी हिशेब मांडला. दोन हेडलाइट ५५ वॉटचे, म्हणजे ११०. मागचे दिवे, नंबरप्लेट, डॅशबोर्ड मिळून ३०. वायपर ४०, इग्निशन ४०. एकूण २२० वॉट, म्हणजे बारा व्होल्टवर अठरा अँपिअरच्या आसपास. दीड तासात सत्तावीस अँपिअर-तास गेले. आमच्या चार वर्षं जुन्या बॅटरीत तेवढे होते तरी का, शंकाच आहे.

डायनामोच्या जमान्यात लोकांनी या यंत्राशी जुळवून घेतलं होतं हेही सांगायला पाहिजे. सुरुवातीच्या डायनामोंना नीट रेग्युलेटर नव्हता, एक तिसरा कार्बन पुढेमागे सरकवून चार्जिंग ठरवून ठेवायचं. मग लांबच्या प्रवासात बॅटरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी उकळायचं. त्यावर उपाय काय? भर दुपारी हेडलाइट लावून जायचं, म्हणजे जास्तीची वीज खर्च होईल! हे वाचून मी खूप हसलो. पुढे व्होल्टेज आणि करंट सांभाळणारे कॉइलवाले डबे आले. आमच्या फियाटच्या बॉनेटखाली तसाच एक काळा डबा आहे, ज्याला गेल्या पन्नास वर्षांत प्रत्येक मिस्त्रीने एकदा तरी उघडून नुसतं फुंकलंय.

मग जगाने डायनामो सोडला कधी? आणि कुणामुळे? मला वाटलं होतं रेसिंगवाल्यांमुळे. उत्तर निघालं, पोलिसांमुळे.

अमेरिकेत पोलिसांच्या गाड्यांत वायरलेस दुसऱ्या महायुद्धाआधीच आला होता. पोलीस करतात काय? कोपऱ्यावर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, वायरलेस ऐकत बसतात. म्हणजे आमचा खंबाटकी घाट, पण रोज रात्री. क्लीव्हलंडच्या लीस-नेव्हिल कंपनीने अशा गाड्यांसाठी आणि बससाठी अल्टरनेटर विकायला सुरुवात केली. अल्टरनेटरमध्ये सगळा मामला उलटा केलेला असतो. जड करंट तयार करणारं वेटोळं बाहेर, स्थिर. आत फिरतो तो चुंबक, आणि त्याला चुंबक बनवायला दोन-चार अँपिअर पुरतात. म्हणजे फिरत्या पाळण्यात चढवायची-उतरवायची दोन-चारच माणसं, बाकीची गर्दी जमिनीवरच उभी. त्यामुळे तो बिनधास्त जोरात फिरवता येतो. पुली छोटी लावा, इंजिनाच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरवा. इंजिन घुरघुरत असतानाही तो वीज देतो.

अडचण एकच, ती पिक्सीचीच. बाहेर येते एसी. ती सरळ करायला तेव्हा सेलेनियमच्या पत्र्यांचा रेक्टिफायर होता. तो मोठा, वेगळा बसवायचा आणि महाग. पोलिसांना आणि बसकंपन्यांना परवडला, सामान्य गाडीवाल्याला नाही. सुटका केली सिलिकॉनने. पन्नासच्या दशकात सिलिकॉनचे डायोड आले, बोटाच्या पेराएवढे. सहा डायोड अल्टरनेटरच्याच पाठीत बसायला लागले. शिवाय डायोड वीज उलटी जाऊच देत नाही, म्हणजे कटआउटची नोकरी गेली. आणि अल्टरनेटरच्या बांधणीमुळेच त्याचा करंट ठराविक मर्यादेपुढे आपोआप जात नाही, म्हणजे करंट रेग्युलेटरचीही गेली. काळ्या डब्यातली कामं एकेक करून संपली, राहिला फक्त व्होल्टेज रेग्युलेटर. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर गाडीबरोबरच यायला लागला आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत अमेरिकेतून डायनामो जवळजवळ गेलाच.

या धंद्यात तुमच्या ओळखीचं एक नाव होतं. मोटोरोला! हो, फोनवाली. हे नावच मुळात १९३० मध्ये त्यांनी काढलेल्या मोटारीतल्या रेडिओचं. पुढे ते गाड्यांचे अल्टरनेटरही बनवायचे. तुमच्या खिशातल्या फोनच्या नावातला ‘मोटो’ म्हणजे मोटारच.

पण आमची गाडी १९७० ची. अमेरिकेत काही वर्षं आधीच डायनामो जवळजवळ संपलेला, मग आमच्याकडे तो का?

त्याचं उत्तर कुर्ल्यात आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट बनू लागली. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की भारतात नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, बनवायचं असेल तर इथेच बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. जे राहिले त्यांनी हळूहळू एकेक भाग देशात बनवायला घेतला. गाडीतला विजेचा भाग बनवण्यासाठी १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली. आता विचार करा. परकीय चलन मोजून मापून मिळतंय, डायनामो बनवायची यंत्रं नुकतीच बसवलीत, कारागीर नुकते शिकलेत, गाडीसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं आहे. अशा वेळी चांगला चाललेला डायनामो बदलायची घाई कोण करेल? मी तरी केली नसती. आज ‘तेव्हाच्या भंगार गाड्या’ म्हणून रील करणाऱ्यांना मला हे सांगावंसं वाटतं. देशातल्या देशात आर्मेचर गुंडाळायला शिकणं ही लहान गोष्ट नव्हती. आणि त्याचा एक फायदा असा की गल्लीतला वायंडिंगवालासुद्धा डायनामो दुरुस्त करू शकायचा. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आठशे आली, अल्टरनेटर घेऊनच, आणि नवीन मुलांनी डायनामोचं नाव ऐकणंही बंद झालं.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी बाबांना सांगितलं. भांडण व्हायचं ते झालंच. बाबांचं म्हणणं, अण्णांनी घेतली तशी राहू दे. कंपनीने दिलेली वस्तू काढायची नाही. मी म्हटलं, बाबा, ५५ वॉटचे हॅलोजन कंपनीने दिले होते का? ते तुम्ही टाकलेत. १९७० मध्ये जेवढा भार होता तेवढ्यासाठी हा डायनामो ठीक होता, तुम्ही भार वाढवला आणि तो वाढलेला भार खंबाटकीत उभा राहिला. बाबा गप्प. मग म्हणाले, “आणि व्हिंटेजची पाटी?” हा मुद्दा खरा होता. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. पण नियमात गाडी मूळ रूपात असावी असं म्हणताना मोठ्या बदलांमध्ये नावं घेतलीत ती चासी, बॉडी शेल आणि इंजिनाची. तरी आम्ही तह केला. कुठेही भोक पाडायचं नाही, पत्रा कापायचा नाही, मूळ वायरिंगला कात्री लावायची नाही. उद्या डायनामो परत लावायचा म्हटलं तर एका दुपारीत लागला पाहिजे. विलायतेत बाहेरून डायनामोसारखे दिसणारे अल्टरनेटरही मिळतात, हौशी लोकांसाठी. किंमत बघून आम्ही तो विषय तिथेच सोडला.

आणि मग पुन्हा नाना पेठ. या वेळी उत्तरं तयार होती.

अर्थ निगेटिव्ह का विचारतात? कारण जुन्या ब्रिटिश गाड्यांत उलटी पद्धत होती, बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला. डायनामोला फरक पडत नाही, फील्डला क्षणभर करंट दाखवून तो हवा तसा वळवता येतो. डायोडला मात्र पडतो. उलटी जोडणी केली की डायोड क्षणात जळतात. आमची फियाट इटालियन रक्ताची, निगेटिव्ह अर्थ. तुमच्याकडे जुनी ब्रिटिश वळणाची गाडी असेल तर आधी बॅटरीची केबल कुठे जाते ते डोळ्यांनी बघा.

किती अँपिअर? इथे मी चुकणार होतो. मला वाटलं जेवढा मोठा तेवढा चांगला, नव्वदचा घेऊन टाकू. काकांनीच अडवलं. एक तर आमचा एकच सडपातळ फॅन बेल्ट, तोच पंखा आणि पाण्याचा पंप फिरवतो. नव्वदचा भार आला की तो घसरून जळेल. दुसरं, अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा पळत्या इंजिनाचा असतो, घुरघुरत्या इंजिनावर त्याच्या निम्माही मिळत नाही बऱ्याचदा. आम्हाला उभ्या गाडीत लागतात अठरा. म्हणून ४५ चा घेतला. जागेवर भार उचलेल आणि बेल्टला सोसेल. डायनामोची जुनी वायर वीस-बावीस अँपिअरच्या हिशेबाची होती, तिच्यातून पंचेचाळीस गेले असते तर वायरच तापली असती. म्हणून नवीन जाड वायर वेगळी टाकली, फ्यूज लावून थेट बॅटरीला.

रेग्युलेटर आतला. साठच्या दशकातल्या पहिल्या अल्टरनेटरांना तो बाहेर वेगळ्या डब्यात असायचा, मग इलेक्ट्रॉनिक्स लहान झालं आणि तो आत गेला. आतला घेतला म्हणजे वायरी कमी. आमचा काळा डबा जागेवरच आहे, शोभेला, आत काही जोडलेलं नाही.

आणि तो लाल दिवा. हा मला सगळ्यात आवडलेला भाग. अल्टरनेटरचा चुंबक हा जन्मजात चुंबक नाही, त्याला सुरुवातीला थोडा करंट द्यावा लागतो तेव्हा तो जागा होतो. आणि तो करंट येतो डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यातून! दोन वॉटचा तो बल्ब नुसता इशारा देत नाही, तोच अल्टरनेटरला उठवतो. बल्ब गेला की कित्येक अल्टरनेटर जोरात रेस केल्याशिवाय चार्जच करत नाहीत, आणि लोक चांगला अल्टरनेटर भंगारात देतात. हौसेने तिथे एलईडी लावणाऱ्यांनी हे खास ऐका, एलईडी एवढा करंट जाऊच देत नाही.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो पुल्या एका रेषेत आणण्यात. डायनामो लांब नळकांडं, अल्टरनेटर बुटका जाडा, त्यामुळे ब्रॅकेट नवीन लागतं. पहिलं ब्रॅकेट दोन सूत बाहेर गेलं होतं, बेल्ट किंचाळत होता. दुसरं वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं.

गाडी चालू केली. लाल दिवा विझला, दिवे झगझगीत. बाबा पण खूश. आणि तेवढ्यात आम्ही बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने, तीस वर्षांचा अनुभव असलेल्या चांगल्या माणसाने, चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढलं.

ही डायनामोच्या काळातली खात्रीची चाचणी. टर्मिनल काढूनही गाडी चालू राहिली म्हणजे डायनामो वीज देतोय. अल्टरनेटरला मात्र हा आघात असतो. बॅटरी हा त्याचा आधार, तो एकदम काढला की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, जे समोर येईल ते मारतं. गाडी चालूच राहिली, ते म्हणाले “बघा, फर्स्टक्लास.” दुसऱ्या दिवशी लाल दिवा अर्धवट पेटलेला आणि चार्जिंग शून्य. उघडून बघितलं, डायोड गेलेले. त्या माणसाला मी काय बोलणार? त्याच्या हातांनी ती चाचणी हजार वेळा केली होती आणि हजार वेळा ती बरोबर होती. डायोड प्लेट बदलून घेतली, पैसे आम्ही दिले. चाचणी करायचीच असेल तर शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी बंद असताना चार्ज असलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडं वर, चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या मध्ये. बास.

तुमच्याकडे आजकालची गाडी असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागणार नाही, आणि ते एका परीने वाईटच आहे. आता अल्टरनेटरने किती व्होल्ट द्यायचे हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. प्लग दिसायला सारखा असला तरी आतली भाषा वेगळी असू शकते, त्यामुळे अँपिअर बघून नाही, पार्ट नंबर जुळवूनच घ्यावा लागतो. काही गाड्यांत पुलीच्या आत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, तिथे साधी पुलीवाला बसवला तर बेल्ट आणि टेन्शनर लवकर जातात. आणि माइल्ड हायब्रिड म्हणतात त्या गाड्यांत, आपल्याकडे २०१५ मध्ये मारुती सियाझमध्ये आलं ते, बेल्टवरची एकच मशीन इंजिन चालूही करते आणि बॅटरी चार्जही करते. केटरिंगची १९१२ ची कॅडिलॅक आठवली ना?

आमचा डायनामो मी स्वच्छ करून, नवीन कार्बन टाकून, तेलाचं फडकं गुंडाळून ठेवलाय. बाबांनी त्यावर खडूने लिहिलंय, ‘चालू आहे’. गेल्या जुलैत पुन्हा साताऱ्याला गेलो. घाटात रांग होतीच, चाळीस मिनिटं. मी सारखा मल्टिमीटर बघत होतो, १३.६ च्या खाली काही गेला नाही. आत्या मागच्या सीटवर होती. तिला आणायला दोन महिने समजूत काढावी लागली. ती काच खाली करून पाऊस बघत होती आणि साताऱ्याला पोचेपर्यंत बोलतच होती.

पुढच्या भागात हॉर्न. ‘हॉर्न ओके प्लीज’वर नका जाऊ, त्याआधीचा रबरी भोंपू. भेटू.